बूड टेकण्याआधी

ऑफिसच्या खुर्चीवर बसा आणि बैठकीखालचा दांडा वर ओढा. खुर्ची खाली जाते. आता उभे राहा आणि तोच दांडा तसाच वर ओढा. खुर्ची वर येते! दांडा तोच, ओढायची दिशा तीच. मग कधी वर यायचं नि कधी खाली जायचं, हे तिला सांगतं कोण? वायर नाही, बॅटरी नाही, मोटर नाही.

दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास आपण जिच्यावर काढतो, तिच्या पोटात काय चाललंय याची आपल्याला गंधवार्ता नसते. मोबाइल घेताना कॅमेऱ्यापासून बॅटरीपर्यंत सगळं खोदून विचारणारी माणसं खुर्ची घेताना रंग बघतात, तळहाताने बैठक दाबून ‘मऊ आहे’ म्हणतात आणि पैसे मोजून मोकळी होतात. म्हणून आज खुर्ची उघडूनच बघू. आतलं एकदा कळलं की कुठली घ्यावी हा प्रश्न निम्मा सुटतो.

आधी त्या दांड्याचं. बैठकीखाली जो काळा खांब दिसतो, त्याच्या आत एक बंद नळी आहे आणि तिच्यात ठासून भरलेला नायट्रोजन. दुकानदार नि दुरुस्तीवाले याला सर्रास ‘हायड्रॉलिक’ म्हणतात. पण जोर सगळा वायूचा, तेल असतं ते वंगणापुरतं. नळीत एक दट्ट्या, दट्ट्याला जोडलेली पोलादी दांडी, आणि दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना वायू. तुम्ही दांडा ओढता तेव्हा एक इवलीशी झडप उघडते आणि दोन्हीकडच्या वायूला एकमेकांकडे जायला वाट मिळते. म्हणजे दोन्हीकडे दाब सारखा. मग दट्ट्या जागचा हलायलाच नको, नाही का?

पण हलतो. कारण एका बाजूला दट्ट्याची अख्खी चकती वायूच्या तावडीत सापडते, तर दुसऱ्या बाजूला मधली जागा त्या दांडीनेच अडवलेली असते. दाब सारखा, पण तो पडायला मिळणारी जागा कमी-जास्त. त्यामुळे एका बाजूचा रेटा जरासा जास्त भरतो. आणि नळी अशा बेताने बसवलेली असते की हा उरलेला रेटा कायम बैठकीला वर ढकलत राहतो.

किती ढकलतो? साधारण ३० ते ४० किलो वजन उचलण्याइतका. सगळं गुपित या आकड्यात आहे. तुमचं वजन याहून जास्त, म्हणून तुम्ही बसलेले असताना झडप उघडली की तुम्ही जिंकता आणि खुर्ची खाली जाते. तुम्ही उठलात की वर उरते ती दहा-बारा किलोंची रिकामी बैठक. वायू जिंकतो, खुर्ची वर येते. तिला काही कळत नाही, ती फक्त सतत जोर लावून असते. खात्री करायची असेल तर पाच-सहा वर्षांच्या पोराला खुर्चीवर बसवा आणि दांडा ओढा. बहुतेक वेळा खुर्ची ढिम्म हलत नाही. पोराचं वजनच वायूला पुरत नाही!

आणि दट्ट्याला जोडलेली ती दांडी केवढी? जेमतेम करंगळीएवढी, सेंटिमीटरभर जाडीची. तेवढ्याशा जागेवर ३५ किलोंचा जोर यायचा तर आतला दाब वातावरणाच्या सुमारे ४५ पट हवा. गाडीच्या टायरमध्ये भरतो त्या हवेच्या ढोबळमानाने वीसपट. तुमच्या बुडाखाली! १९६०च्या दशकात जर्मनीत अशा नळ्या कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघू लागल्या, त्याआधी उंची बदलायची तर बैठक स्क्रूवर गरागरा फिरवावी लागे. दुकानात ‘क्लास थ्री’, ‘क्लास फोर’ असं जे ऐकू येतं ते या नळीच्या मजबुतीबद्दल असतं. क्लास फोर अधिक दणकट. वजन जास्त असेल किंवा खुर्ची दिवसरात्र वापरात राहणार असेल तर हे जरूर विचारा.

आणखी एक. ही नळी वरच्या सांगाड्याला आणि खालच्या पायांना कशी जोडलेली असते? नट नाही, बोल्ट नाही, वेल्डिंग नाही. नळीची दोन्ही टोकं किंचित निमुळती असतात, उतार फक्त दीड अंशाच्या आसपास, आणि ती तशाच निमुळत्या भोकांत नुसती घातलेली असतात. जितकं वजन पडेल तितकी पकड घट्ट. वर्षानुवर्षं बसून बसून तुम्हीच ती आवळत असता. पुढे कधी खुर्ची आपोआप खाली बसायला लागली तर समजायचं, आतली झडप किंवा सील गेलं. अशी खुर्ची भंगारात देऊ नका. दुरुस्तीवाला खुर्ची उलटी करतो, हातोड्याचे चार ठोके घालतो, जुनी नळी काढून नवी बसवतो. टिकाऊ खुर्ची म्हणजे कधीच न मोडणारी असा आपला समज असतो; खरं तर सुटे भाग मिळणारी खुर्ची टिकते.

आता पाठीकडे वळू. ‘ताठ बस, पोक काढू नकोस’ हे ऐकत आपल्या पिढ्यानपिढ्या वाढल्या. पण तासन् तास ताठ बसणं पाठीला खरंच मानवतं का?

कण्याच्या मणक्यांमध्ये २३ चकत्या असतात. चकती म्हणजे बाहेरून चिवट आणि आत पाणीदार गर. कण्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा या चकत्यांचा. आणि या चकत्यांमध्ये, मोठ्या माणसात, रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. जिवंत पेशी, पण रक्तपुरवठा नाही! शरीरात रक्तावाचून ठेवलेला एवढा मोठा दुसरा भाग नाही. मग या पेशी खातात काय? वरच्या आणि खालच्या हाडातून जे झिरपेल त्यावर त्यांची गुजराण. भार पडला की चकतीतलं पाणी हळूहळू बाहेर जातं, भार हलका झाला की परत आत येतं. गावातल्या हापशासारखा कारभार आहे हा: दांडा वर-खाली होत राहिला तर पाणी, नाहीतर नुसता लोखंडी खांब.

ही ये-जा तुम्ही घरी मोजूही शकता. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या भिंतीला टेकून उंचीची खूण करा, रात्री झोपताना पुन्हा करा. एक ते दोन सेंटिमीटर उंची गेलेली असते. रोज! रात्री आडवं झालं की चकत्या पाणी पितात आणि सकाळी आपण पुन्हा उंच. अवकाशात वजनच नसल्यामुळे अंतराळवीरांची उंची पाचेक सेंटिमीटरपर्यंत वाढते. पृथ्वीवर परतले की ती पुन्हा मूळ मापावर येते.

मग बसल्यावर चकतीवर किती दाब येतो? स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात हे थेट मोजलं. जिवंत माणसाच्या चकतीत दाब मोजणारी सुई घालून! कुणी यासाठी तयार झालं, हेच मोठं. त्यांना आढळलं की टेका न घेता बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षाही जास्त असतो. पुढे १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका ४५ वर्षांच्या निरोगी माणसाच्या कमरेत दाबमापक बसवून दिवसभर आणि रात्रभर नोंदी घेतल्या. सगळे आकडे एकाच माणसाचे, हे ध्यानात ठेवायचं. पण आकडे बघा. उभं असतानाच्या दाबाला १०० मानलं तर सैलसर बसल्यावर तो ९२, म्हणजे नाकेमसन यांच्या निष्कर्षाच्या उलट. मुद्दाम पाठ ताणून ताठ बसल्यावर ११०. खुर्चीत मागे रेलून पाठ टेकल्यावर साठच्या घरात. आणि उताणं पडल्यावर २०, जो सात तासांच्या झोपेत हळूहळू ४८ पर्यंत चढला, कारण चकत्या पाणी शोषून टम्म होत होत्या. माणूस गाढ झोपेत आणि त्याच्या कमरेत पाणी भरल्याची नोंद कागदावर उमटत होती!

ताठ बसण्याचा दाब उभ्यापेक्षा जास्त आणि रेलण्याचा कितीतरी कमी. का? रेललं की धडाचं वजन पाठीच्या टेक्यावर जातं, कण्याला तेवढी उसंत मिळते. आजी-आजोबांची शिस्त चुकीची नव्हती. ती पाटावर बसून दोन घास खाण्यापुरती होती. आठ तासांच्या नोकरीचा तिने विचारच केला नव्हता.

त्यात आणखी एक मेख आहे. १९५३ साली जे. जे. कीगन या अमेरिकी डॉक्टरांनी वेगवेगळ्या स्थितींत बसलेल्या-पडलेल्या माणसांचे एक्स-रे काढले. उभं असताना कमरेला आतल्या बाजूला जो सुंदर बाक असतो, तो बसताच सपाट होतो. कारण मांडी धडाशी काटकोनात आणायची तर खुब्याचा सांधा त्यातले साधारण ६० अंशच देतो. मांडीमागचे स्नायू ताणले जातात आणि कटीला मागे खेचतात. उरलेले ३० अंश कंबर आपला बाक मोडून भरून देते. म्हणजे काटकोनात ‘व्यवस्थित’ बसलेला माणूस आतून कमरेत वाकलेलाच असतो! मांडी आणि धड यांतला कोन जितका उघडाल, तितका कमरेचा बाक जागेवर येतो.

म्हणून पाठीला दोन गोष्टी लागतात. एक, कमरेच्या खोलगटीत भरीव टेकू. स्वीडनच्या बेंग्ट ओकेरब्लूम यांनी १९४८ सालीच उभं राहणं आणि बसणं यांवर प्रबंध लिहून याचा आग्रह धरला होता. हा टेकू वर-खाली सरकवता आला पाहिजे, कारण पाच फुटी बाईची कंबर आणि सहा फुटी पुरुषाची कंबर एका रेषेत येत नाही. न सरकणारा टेकू तुमच्या कमरेला लागला तर नशीब, बरगडीला लागला तर उलट त्रास. दुसरी गोष्ट, पाठ मागे झुकली पाहिजे, परत आली पाहिजे, पुन्हा झुकली पाहिजे. हापसा चालू राहिला पाहिजे.

जमिनीवर बसणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. जुन्या पेढीवरचा मुनीम आठवा: गादी, पुढ्यात उतरतं मेज, मागे तक्क्या. घटकाभर मांडी, मग एक गुडघा उभा, मग तक्क्याला रेलून हिशेब, मग पुन्हा मांडी. एका जागी ठाण मांडून बसल्यासारखा दिसायचा, पण त्याची सारखी चुळबुळ चाललेली असे. खुर्ची आली आणि ही चुळबुळ गेली. गेल्या पावणेदोनशे वर्षांतल्या हुशार खुर्च्यांचा सगळा खटाटोप ती परत मिळवण्याचा आहे.

पावणेदोनशे हा आकडा उगाच नाही. १८४९ साली अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या थॉमस वॉरेन यांनी एक खुर्ची केली: बिडाचा सांगाडा, खाली चाकं, बैठक गोल फिरणारी, आणि बैठकीखाली वक्र पोलादी स्प्रिंगा, ज्यांवर माणूस पुढे-मागे-बाजूला कुठेही झुकू शकेल. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती मांडली होती. आजच्या ऑफिस खुर्चीतल्या बहुतेक हालचाली तिच्यात होत्या!

पण झुकण्यात एक कटकट आहे. तुम्हीही अनुभवली असेल. स्वस्त खुर्चीत मागे रेलून पुन्हा पुढे आलात की पँटमध्ये खोचलेला शर्ट बाहेर आलेला असतो. का? तुमचं शरीर खुब्याच्या सांध्यात दुमडतं, आणि खुर्चीची पाठ मात्र बैठकीखालच्या कुठल्यातरी बिजागरीवर वळते. दोन वर्तुळांची केंद्रं वेगळी, म्हणून तुमची पाठ आणि खुर्चीची पाठ एकमेकींवर घासतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे पाठ आणि बैठक एकत्रच कलणारी खुर्ची: तिच्यात रेललं की पुढून गुडघे वर, पाय अधांतरी, आणि कोन होता तेवढाच.

यावर उपाय निघाला तो अफलातून. पाठ दोन अंश मागे गेली की बैठक साधारण एक अंश कलेल, अशी दोघींची सांगड घालायची. कोन उघडतो, पाय जमिनीवर राहतात, शर्ट जागेवर. क्लाउस फ्रांक आणि वेर्नर साउअर या जोडीने जर्मनीच्या विल्कहान कंपनीसाठी केलेली अशी खुर्ची १९८० साली आली. आज दुकानात ‘सिंक्रो टिल्ट’ म्हणतात ते हेच. एवढा एक शब्द पाठ करून दुकानात गेलात तरी निम्म्या खुर्च्या यादीतून बाद होतील.

झुकताना तुम्हाला तोलून धरते ती एक स्प्रिंग, आणि बैठकीखालच्या गोल मुठीने ती कमी-जास्त ताठ करता येते. किती जणांनी ही मूठ आयुष्यात एकदा तरी फिरवली असेल? ४५ किलोची मुलगी आणि ९० किलोचा गडी एकाच ताणावर बसतात. तिला खुर्ची मागे जाऊ देत नाही, त्याला धाडकन मागे नेते. मग दोघंही पाठ उभी लॉक करतात, आणि यंत्राचं पुन्हा स्टूल होतं. नील्स डिफ्रिएंट या अमेरिकी रचनाकाराला हे इतकं खुपलं की १९९९ साली ह्यूमनस्केल कंपनीसाठी केलेल्या ‘फ्रीडम’ खुर्चीतून त्यांनी ती मूठच काढून टाकली. त्या खुर्चीत तुम्ही मागे रेलता तेव्हा बैठक किंचित वर उचलली जाते. म्हणजे तुमचंच वजन तुम्हाला तोलून धरतं. जड माणसाला जास्त जोर, हलक्याला कमी, आपोआप!

आता बूड. मांडी घालून कडक फरशीवर बसा आणि तळहात खाली सरकवा: दोन टोकदार हाडं लागतील. बसलेल्या माणसाचा बहुतेक भार या दोन हाडांवर. बैठकीचं काम एवढंच की तो भार आजूबाजूला पसरवायचा. त्यासाठी फोम आला. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधलं. त्याचा मऊ फोम पुढे १९५०च्या दशकात बाजारात आला. इथे सगळे फसतात ती जागा म्हणजे मऊपणा. फोम मऊ की कडक ही एक गोष्ट, आणि त्यात माल किती हे म्हणजे डेन्सिटी ही दुसरी. दोन फोम हाताला अगदी सारखे लागतील, पण ज्यात माल कमी त्याच्या बुडबुड्यांच्या भिंती वर्षभरात मोडतात आणि बैठकीचा खड्डा होतो. म्हणून तळहाताने दाबून काही कळत नाही. डेन्सिटी विचारा, साच्यात ओतलेला मोल्डेड फोम आहे की लादीतून कापलेला, तेही विचारा. मग बैठकीच्या मधोमध गुडघा रोवून सगळं वजन टाका. खालचा प्लाय गुडघ्याला लागला तर पुढच्या खुर्चीकडे वळा.

की फोम नकोच? बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या रचनाकारांना हाच प्रश्न पडला होता. हर्मन मिलर कंपनीसाठी ते म्हाताऱ्या माणसांच्या खुर्चीवर काम करत होते. तासन् तास बसून राहणाऱ्या वृद्धांना फोममध्ये उकडतं, घाम साचतो, कातडीला इजा होते, हे त्यांनी पाहिलं. ती खुर्ची बाजारात आलीच नाही, पण त्यातला विचार १९९४ साली ‘एरॉन’ बनून आला: फोम नाही, कापड नाही, नुसती ताणलेली जाळी. शिवाय चपलेसारखी तीन मापांत. खुर्ची अर्धवट राहिलीय असं वाटावं, असं तिचं रूप. आज ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

आपल्याला मात्र यात नवं काय असं वाटायला हरकत नाही. आपल्या कचेऱ्यांतली वेताची खुर्ची काय होती? वेताची सालं आधी उभी, मग आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, मग दोन्हीकडून तिरपी ओवत जायची. शेवटी प्रत्येक भोक आठकोनी होतं आणि प्रत्येक साल बाकीच्यांना आवळून धरते. वरून भार पसरतो, खालून वारा लागतो. सरकारी खात्यांत हे विणकाम अनेकदा अंध कारागिरांकडे असे. बोटांनी भोकं मोजत ते अख्खी बैठक विणत. चंदीगड शहर उभं राहताना वास्तुकार पिएर जानरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, ढीग लागले, आणि त्याच आज परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या जातात. जाळीची किंमत आपल्याला भंगाराच्या भावात कळली.

जाळी घेताना बैठकीची पुढची कड तेवढी बघा. ती चौकटीची कडक पट्टी असेल तर मांडीखाली रुतते. ती गोलसर आणि खाली वळलेली हवी. टेकून बसल्यावर कड आणि गुडघ्यामागची खोलगट यांत दोन-तीन बोटं जावीत. नाही गेली तर बैठक तुमच्यासाठी लांब आहे. मग तुम्ही पुढे सरकून बसणार आणि तो महागडा टेकू मागे एकटाच राहणार. कोकणात, मुंबईत राहत असाल तर रेक्झिनच्या मोहात पडू नका. त्यावर अनेकदा असणाऱ्या पॉलियुरेथेनच्या थराचं दमट हवेत पाण्याशी वाकडं आहे; रेणूच तुटत जातात आणि काही वर्षांत पाठीवर काळे पापुद्रे चिकटू लागतात. आणि रेसिंग गाडीच्या सीटसारख्या दिसणाऱ्या गेमिंग खुर्च्या? त्यांचे ते दोन्ही बाजूंचे पंख गाडी भरधाव वळताना ड्रायव्हर बाजूला फेकला जाऊ नये म्हणून असतात. टेबलापाशी तुम्ही असं कुठलं वळण घेणार आहात?

उंचीचा एक पेच खास आपला आहे. बाजारातली टेबलं ७५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतात. कोपर टेबलाशी जुळवायला बुटका माणूस खुर्ची वर घेतो, मग पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते, पायांना मुंग्या येतात, आणि दोष खुर्चीला! अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरांच्या मापांचं पुस्तक छापलं ते याचसाठी: परक्या मापांवर बेतलेल्या वस्तू आपल्याला बसत नाहीत. कोपर आधी जुळवा, आणि पायाखाली सरळ घरातला पाट घ्या. हातही विसरू नका. दोन्ही हातांचं वजन शरीराच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या खांद्यांना दिवसभर सहा किलो टांगलेले. हात ठेवायचे दांडे वर-खाली होणारे हवेत, आणि टेबलाखाली जाणारे.

टिकण्याची परीक्षा कशी घेतात, तेही ऐकण्यासारखं आहे. ‘बिफमा’ या अमेरिकी फर्निचर उत्पादकांच्या संस्थेच्या मानकात ५७ किलोची पिशवी बैठकीवर थोड्या उंचीवरून पाडतात. एक लाख वेळा! दिवसातून वीसदा बसणारा माणूस, वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले, तर हे वीस वर्षांचं बसणं झालं. शिवाय भार ठेवून बैठक गरागरा फिरवायची ती १,२०,००० वेळा. बिचारी पिशवी! मात्र बिफमा नुसतं मानक ठरवते, चाचणी वेगळ्या प्रयोगशाळा करतात. तेव्हा स्टिकर बघून हुरळू नका, चाचणीचा अहवाल मागा.

आणि पाय पाचच का? जुन्या सिनेमातल्या साहेबाच्या फिरत्या खुर्चीला चार असत. मधल्या खांबापासून प्रत्येक चाक ३३ सेंटिमीटरवर आहे असं धरा. तुम्ही कलंडता ते चाकाच्या दिशेला नाही, दोन चाकांच्या मधून. मधल्या खांबापासून ती कड तीन पायांत साडेसोळा सेंटिमीटरवर, चारात सव्वातेवीसवर, पाचात पावणेसत्तावीसवर. सहावा पाय लावला तर आणखी जेमतेम दोन सेंटिमीटरची कमाई, आणि पावलं अडकायला एक पाय जास्त. पाचावर हिशेब जुळतो! फ्रँक लॉइड राइट यांच्यासारख्या महान वास्तुकारानेही जॉन्सन वॅक्स कंपनीच्या इमारतीसाठी तीन पायांच्या खुर्च्या केल्या होत्या. त्या कलंडायच्या.

उरली चाकं. चार्ल्स डार्विन यांनी डाउन हाउस या आपल्या घरातल्या आरामखुर्चीला चाकांचे लोखंडी पाय लावून घेतले होते. हातांवर फळी आडवी टाकून ते त्याच खुर्चीत लिहीत आणि नमुन्यांकडे सरकत जात. आपल्या चाकांकडे आपण इतकं लक्ष देत नाही, आणि खरेदीत सगळ्यात सोपी चूक इथेच होते. कडक नायलॉनची चाकं गालिच्यासाठी असतात. आपल्याकडे गालिचा कुठला? शहाबादी, कोटा, नाहीतर गुळगुळीत टाइल्स. त्यांवर मऊ कडेची चाकं हवीत. युरोपीय मानकात कडक चाक एकरंगी आणि मऊ चाक दुरंगी ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे ती ओळखायला सोपी. बहुतेक खुर्च्यांच्या चाकांची दांडी ११ मिलिमीटरची असते, खेचली की निघते, नवी दाबली की बसते. घेताना आणखी एक प्रकार मिळतो का बघा: माणूस बसलेला असताना मोकळी फिरणारी आणि उठला की आपसूक अडणारी चाकं. आत एक छोटी स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि तुमचं वजन तो सोडवतं. उठून पाणी प्यायला गेलात, परत आलात, मागे न बघता बसलात, तरी खुर्ची होती तिथेच.